मुठीचा डबा

किन्हवली,
१३ मार्च २००५, रविवार

ताई,

सलाम. तो घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव, मी लिहून मोकळी झाले.

आधी फोन करणार होते. पण अनंताच्या शेजाऱ्यांनी तुला हाक मारायची, तू हात पुसत यायचं, माझा आवाज ऐकायचा आणि फोन ठेवून द्यायचा. पत्राचं बरं असतं. फाडायचं झालं तरी माणूस आधी वाचतो. तू तर दोनदा वाचशील.

तू किन्हवली सोडून मुरबाडला लेकाकडे गेलीस त्याला तीन वर्षं झाली. महिला मंडळाच्या बैठकीत मी काहीतरी बोलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तू निघालीस. नेमकं काय बोलले ते मला आता आठवत नाही. तुला आठवत असेल. तुझा मुठीचा डबा तू चर्चमध्येच टाकून गेलीस, तो माझ्याकडे आहे. मी त्यात मीठ ठेवते. चांगला डबा वाया का घालवायचा?

तर हे पत्र त्यासाठी नाही. चर्चचं काम आहे.

गेल्या नोव्हेंबरात कापणीच्या सणाला बिशपसाहेब आले होते आणि त्यांच्यासोबत अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या मंडळीतल्या एक मार्गारेटबाई. एपिस्कोपल म्हणजे आपली भावकीच समज. त्यांनाही बिशप, उपासनेचं पुस्तकही जवळजवळ आपलंच, फक्त ते सतरंजीवर बसत नाहीत. आपल्या शिवणवर्गाची दोन मशीनं त्यांच्याच मंडळीने दिलीत. बिशपसाहेबांनी उपदेशात सांगितलं की सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय, दोन हजार पंधरापर्यंत जगातली गरिबी निम्मी करायची, आणि प्रत्येक मंडळीने त्यात आपला वाटा उचलायचा. तेवढ्यात मागून आवाज आला, "निम्मीच का वो सायेब? बाकीच्या निम्म्यांनी काय घोडं मारलंय?"

आपली गोजर. आळीच्या टोकाला राहते ती, जिला लग्न झाल्यापासून उपासनेत गप्प बसायला जमलेलं नाही. बिशपसाहेब हसले आणि पुढच्या वचनाकडे वळले.

मग मंडळात ठरलं की यंदापासून मुठीचा तांदूळ जगाच्या गरिबीसाठी. रीत तीच. तांदूळ चुलीवर चढवायच्या आधी त्यातली एक मूठ डब्यात टाकायची आणि महिन्याच्या चौथ्या रविवारी डबा चर्चमध्ये आणून रिकामा करायचा. पूर्वी त्या तांदळाची चर्चला कौलं यायची. पण कौलांचं कसं, छपराकडे बघितलं की कळतं कुठे गळतंय. जगाची गरिबी कुठे गळते ते आम्हाला कोण सांगणार? तीन महिने तांदूळ पोत्यात पडून राहिले. पोरकिडे झाले.

आणि परवा मार्गारेटबाईंच्या चर्चचं छापील पत्रक आलं. आपल्या चर्चचे पाळकसाहेब ठाण्याला सभेला गेले होते, म्हणून आम्हीच ते उघडलं. इंग्रजी वाचता येईना, पण फोटो होते. ताई, काय सांगू तुला!

पहिल्या फोटोत एका तळघरात लांब टेबलाला पंधरा-सोळा म्हातारी माणसं बसलीत. घरात असूनही अंगात स्वेटर. प्रत्येकापुढे एकेक वाडगा, वाडग्यात पाणी, पाण्यात गाजराचा एक तुकडा. बाजूला पावाची एकेक चकती. ना भात, ना कालवण, ना सुकटीचं बोटूक. मार्गारेटबाईही बसल्यात आणि हसताहेत, बिचाऱ्या. दुसऱ्या फोटोत टेबलावर जुन्या कपड्यांचा ढीग आणि तीच माणसं त्यातून आपल्या मापाचं शोधताहेत. तिसऱ्यात चर्चच्या दारात माणसाएवढा थर्मामीटर रंगवलेला, लाल रेघ पार वर चढलेली. म्हणजे आख्ख्या मंडळीला ताप.

मार्गारेटबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी चमचाभरच भात घेतला होता. आम्ही म्हटलं, तिखट लागलं असेल. आता कळलं, पोटाला सवयच नाही. आणि अशा माणसांनी आपल्याला मशीनं पाठवली! मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आजच्या उपासनेत मी उभी राहून अमेरिकेतल्या भुकेल्या व तापकरी जनांसाठी प्रार्थना केली. कालच परतलेल्या पाळकसाहेबांनी मधेच डोळे उघडले, पण प्रार्थनेत टोकता येत नाही त्यांना.

तर त्यांना तांदूळ पाठवायचं ठरलंय. तुला कळवलं. उत्तराची गरज नाही. दिलंस तर पत्ता तोच आहे.

शकू


किन्हवली,
३ एप्रिल २००५

ताई,

उत्तर आलं नाही. मी वाटही बघत नव्हते. राघो पोस्टमन रोज आमच्याच दारावरून जातो आणि मी त्याच वेळेला अंगण झाडते, एवढंच.

पुनरुत्थानाचा सण झाला. तू नव्हतीस म्हणून पहाटेच्या गाण्याला वरचा सूर कोणी धरला नाही, गोजरने धरायचा प्रयत्न केला आणि कुत्री भुंकली.

तांदळाचं पोतं आम्ही चाळून, निवडून राघोला दाखवलं. अमेरिकेला पाठवायचंय म्हटल्यावर तो पायरीवरच बसला. म्हणाला, "काकी, यवढ्या वजनाच्या टपालखर्चात अमेरिकेचा मानूस हितं येऊन जेवून जाईल नि वर झोप काढील." मग हलकं काय पाठवता येईल यावर दोन तास भांडण झालं आणि शेवटी तांदळाच्या फेण्यांवर एकमत झालं. हलक्या, टिकाऊ, तळल्या की दुप्पट फुलतात, आणि दात नसलेल्या माणसालाही चालतात. फोटोतल्या बऱ्याच जणांना नसावेत.

आता अडचण तुला कळलीच असेल. किन्हवलीत फेण्या कोण करायचं? तू. बाकी आम्ही सगळ्या जणी खाणाऱ्या.

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. तांदूळ तीन दिवस भिजवले, वाटले, जिरं, मीठ, पापडखार घालून पीठ सरसरीत केलं, ताटल्यांवर पसरून वाफवलं. पहिल्या ताटलीतली फेणी सुटेना. दुसरीतली सुटली ती चिंध्या होऊन. तिसरी मी टाचणीने सोडवली, तर टाचणीच आत राहिली. पन्नास केल्या, त्यात अख्ख्या चार, आणि त्याही वाळल्यावर भेगाळल्या. कोंबड्यांना घातल्या तर कोंबड्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

पापडखार किती घालतेस तेवढंच कळव. ये असं मी म्हणत नाही. एका कार्डावर मावेल एवढंच विचारतेय.

आणि त्या दिवशी मी काय बोलले ते थोडं थोडं आठवलं. मी काही वाईट बोलले नव्हते, नुसतं विचारलं होतं. तुझा डबा दर महिन्याला निम्माच भरत होता, डबे मोजायचं काम माझ्याकडे होतं, मग मी नाही विचारायचं तर कोणी? तुझ्या जागी दुसरी असती तर हसून सोडून दिलं असतं.

शकू


किन्हवली,
२४ एप्रिल २००५

ताई,

दुसरा घाणा उत्तम झाला. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही.

पाळकसाहेबांनी आम्हाला एकत्र बसवून ते पत्रक वाचून दाखवलं. मग म्हणाले, बायांनो, ही माणसं उपाशी नाहीत. उपवासकाळात ती दर बुधवारी मुद्दाम एकत्र बसून नुसतं सूप पितात आणि त्या जेवणाचं जे वाचतं ते जगातल्या गरिबांसाठी देतात. जुने कपडे विकतात तेही त्यासाठीच. आणि थर्मामीटर तापाचा नाही. त्यांच्या चर्चच्या छपरासाठी वर्गणी जमते तशी लाल रेघ वर चढवतात.

मग गोजर म्हणाली, "म्हंजे गरीब ते नाय?"

"नाहीत."

"मंग ते वाचवतात ते कोनाला देतात? गरीब कोन हाय?"

ताई, पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. खिडकीतून आपल्या दोन शिवणमशीनांकडे बघितलं. म्हणाले, "असतात... जगात असतात बरेच." गोजरने मान डोलावली. म्हणाली, बिचारे. मला कळलं पाळकसाहेब काय म्हणत होते. पण चौदा बायांना एका दमात गरीब करून ठेवायचं म्हणजे काय गंमत आहे?

मग फेण्यांचं काय करायचं हा प्रश्न आला. मी म्हटलं, चाळीस दिवस पातळ पाण्यावर काढलेल्या माणसांना उपवास सोडायला काहीतरी नको का? आपल्याकडे कोणी उपवास धरला तर सोडायला शेजारीण ताट पाठवतेच ना? मग उपवास धरणारी गरीब असो की सावकारीण. सगळ्यांना पटलं. पाळकसाहेबांनाही पटलं, कारण त्यांना घरी जायचं होतं. तेव्हा फेण्या जाणार. पावसाच्या आत वाळायला हव्यात म्हणजे झालं.

घरची बातमी म्हणजे आमच्या ह्यांचा मोतीबिंदू पिकला. काल कल्याणला मुलाकडे गेले, तिथेच ऑपरेशन आहे. महिनाभर मी एकटी. मला बरंच आहे. ह्यांना चव बघून बघून मीठ कमी सांगायची सवय, तेवढीच सुटका.

दुसऱ्या घाण्याबद्दल वर जे लिहिलं ते खोटं आहे. आम्ही तो तवलीतून खरवडून काढला. खोटं बोलून पत्र पुढे नेता येत नाही, मी बघितलं करून. आणि मी नुसतं विचारलं नव्हतं, हेही खरं आहे. तेव्हा बिशपसाहेबांच्या पत्नी समोर बसल्या होत्या आणि मला त्यांना हसवायचं होतं. पुढचं लिहीत नाही.

पापडखार किती?

शकू


किन्हवली,
२२ मे २००५

ताई,

आज फेण्यांचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

आज चौथा रविवार. माझ्या हाताला वाफेने भाजलंय, म्हणून डबे रिकामे करायला गोजर बसली. माझा डबा उपडा केला तर माप निम्मंच भरलं. गोजरने डब्याच्या बुडावर दोन थापा मारल्या, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मावशे, काका कल्यानला काय गेलं नि तुजी मूठ आवळली काय गो?"

सगळ्या खो खो हसल्या. ती दुसऱ्या कोणाला म्हणाली असती तर मीही हसलेच असते.

पण मी ताडकन उठले. म्हटलं, तोंड सांभाळ गोजर. माझी मूठ होती तेवढीच आहे. घरात मी एकटी. एकट्या जिवासाठी दोनदा चूल कोण पेटवतं? सकाळी शिजवते, तेच संध्याकाळी पाणी मारून खाते. एकदा चूल, एकदा मूठ. महिन्याचं माप निम्मं भरणार नाही तर काय दुप्पट भरणार? एवढंही तुम्हाला कळत नाही का, की एकटी बाई...

ताई, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी गोजरच्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

दाजींना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. अनंता मुरबाडला कारखान्यात. तू घरात एकटी. तुझं घर माझ्या घरापासून पंचवीस पावलांवर, मी आज संध्याकाळी मोजली. आमच्या मागच्या दारातून तुझी चूल दिसते. तेव्हा संध्याकाळचा धूर कधी दिसायचा नाही आणि मला वाटायचं, ताई लवकर आटपून घेते.

तुझी मूठ लहान नव्हतीच. तुझा हात आईवर गेलाय, माझ्यापेक्षा दोन बोटं मोठा. लहानपणी भांडून शेंगदाणे वाटून घ्यायचो तेव्हा मी रडायचे, कारण तुझ्या मुठीत जास्त यायचे. ती मूठ मी कशी विसरले? आणि बिशपसाहेबांच्या पत्नीसमोर, सोळा जणींसमोर, मी मोठ्याने म्हणाले, "ताई, देवाला द्यायची वेळ आली की तुझी मूठ आवळते का गं?" शब्द न् शब्द आठवतोय. कधी विसरलेच नव्हते. पहिल्या पत्रात आठवत नाही लिहिलं ते खोटं. डब्यात मीठ ठेवते तेही खोटं. डबा रिकामाच आहे. दर रविवारी पुसते आणि परत फळीवर ठेवते.

एक विचारते. तीन वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. तू एकदाच शिजवायचीस ते एकटी होतीस म्हणून, की तांदूळच नव्हते म्हणून? एकटी होतीस, तर मी पंचवीस पावलांवर काय करत होते? आणि तांदूळ नव्हते, तर त्यातूनही तू रोज एक मूठ काढून डब्यात टाकलीस. ती अमेरिकेची माणसं एक जेवण सोडतात तर त्यांचा फोटो छापून येतो. तुझा मी डबा उपडा करून दाखवला.

मी चुकले. हेच चार पत्रं लिहायला बघतेय आणि दर वेळी फेण्याच लिहून होतात.

मंडळात मी सगळं सांगितलं. गोजर एवढी रडायला लागली की आम्हाला तिचंच सांत्वन करावं लागलं, माझं राहूनच गेलं. मग ती म्हणाली की डब्यात कमी भरलं तर विचारायचं नाही, उठून त्या घरी जाऊन बघून यायचं, असा ठराव लिहा. लिहिला. पाळकसाहेबांनी खाली सही केली आणि मार्गारेटबाईंना इंग्रजीत करून पाठवतो म्हणाले. मी म्हटलं पाठवा, पण त्यात माझं नाव घाला. मंडळातली एक बाई असं नको.

पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. तीन घाणे वाया गेलेत. पण तू फेण्यांसाठी येऊ नकोस.

फेण्यांसाठीही ये.

शकू


मुरबाड,
२६ मे

शके,

चारी पत्रं मिळाली. पयल्या तिनाला उत्तर द्यावं असं त्यात काय नव्हतं.

शनवारी तांदूळ भिजत घाल. जुने घे, नवे चिकट होतात. पानी रोज बदल. पीठ वाटू नको, पापडखाराला हात लावू नको, वाफेजवळ तर जाऊच नको. मी मंगळवारच्या पयल्या गाडीनं येते. गोजरला सांग, गानं माज्यासाठी ठेव.

तू इचारलंस येकटी व्हते म्हून, का तांदूळ नव्हते म्हून. दोनी.

माजा डबा फळीवरनं काढून चुलीजवळ ठेव. नि मंगळवारी सांजचं पन शिजव.

बाईजा